तुम्ही विचारलंत म्हणून: डीबगमध्ये ग्राफ बरोबर, रिलीजमध्ये वाट का लागते?

ऑफिसात नवीन आलेलं कोणी ना कोणी महिन्याकाठी एकदा तरी उघडा लॅपटॉप घेऊन माझ्या डेस्कपाशी येतं आणि प्रश्न ठरलेला असतो, "ताई, डीबग बिल्डमध्ये ग्राफ एकदम बरोबर येतो, रिलीज केला की काहीच्या काही, कंपायलरमध्ये बग आहे का हो?" (कंपायलर म्हणजे आपला कोड मशीनच्या भाषेत नेणारा प्रोग्रॅम. डीबग बिल्डमध्ये तो कोड जवळपास जसाच्या तसा ठेवतो, रिलीजमध्ये वेगासाठी त्यात फिरवाफिरवी करतो.) दरवेळी व्हाइटबोर्डवर समजावते, दरवेळी घाईत अर्धंच सांगून होतं, म्हणून आता बसून सगळं लिहिते.

कंपायलरमध्ये बग असतात, नाही असं नाही. पण माझ्यापर्यंत आलेल्या अशा केसेसमध्ये गडबड जवळपास नेहमी आपल्याच कोडात निघाली. माझी स्वतःची केस सांगते, कारण ती मी दोन दिवस चुकीच्या जागी शोधत होते.

तापमानाचा सेन्सर होता, नेटवर्कवरून चार-चार बाइटचे फ्लोट, म्हणजे दशांश आकडे, पाठवायचा, बाइटचा क्रम आपल्या मशीनच्या उलटा. सी मधला कोड बफरमध्ये (आलेला डेटा ठेवायच्या जागेत) जागच्या जागी बाइट उलटवून घ्यायचा, मग तेच फ्लोट म्हणून वाचून सीएसव्हीत टाकायचा, आणि पायथनमध्ये मॅटप्लॉटलिब ही लायब्ररी ग्राफ काढायची. खोलीत साधारण २५ डिग्री. ग्राफ कसा आला, तर शून्यावर सपाट रेघ, मधेच कुठेतरी धाडकन खाली, आणि वाय अक्षाच्या वर कोपऱ्यात बारीक अक्षरात 'वन ई एट'. ते कोपऱ्यातलं बघायची सवय लावून घ्या, त्याचा अर्थ अक्षावरचे आकडे १० कोटींच्या पटीत आहेत. तापमान कोटींत!

मी काय केलं, तर प्लॉटिंगच्या मागे लागले. अक्षाच्या मर्यादा बघितल्या, मधे एनएएन (आकडाच नसलेल्या किमती) आहेत का बघितलं, कॉलम आकड्यांऐवजी स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, म्हणून वाचला जातोय का तेही बघितलं (हे तुम्हीही आधी बघा, कारण स्ट्रिंग असेल तर मॅटप्लॉटलिब प्रत्येक आकड्याला वेगळं नाव समजतं आणि आले त्या क्रमाने अक्षावर मांडतं, मग १० च्या वर ९ दिसतो). काहीच सापडलं नाही.

तिसऱ्या दिवशी ग्राफ बंद केला आणि नुसते आकडे छापले. २५.० च्या जागी ७.१८ गुणिले दहाचा उणे ४१ वा घात. २५.१ च्या जागी उणे ४२ कोटी ९४ लाखाच्या आसपास. आता २५.० चे बाइट हेक्समध्ये असतात ४१ सी८ ०० ००, ते उलटे ठेवून फ्लोट म्हणून वाचा, बरोब्बर तो पहिला आकडा येतो. म्हणजे बाइट उलटवलेच गेले नव्हते. कोडमध्ये तर उलटवायची ओळ डोळ्यासमोर होती! मधे एक प्रिंटएफ (किंमत छापणारा कॉल) टाकला आणि सगळं सुरळीत झालं. काढला की परत तेच.

इथे एलियासचा, म्हणजे एकाच जागेला दोन नावं असण्याचा, विषय येतो. आपल्याकडे आज्यांची लग्नात नावं बदलायचे ना, माहेरच्या कागदावर कुसुम आणि सासरच्या सातबाऱ्यावर सुलभा. बाई एकच, पण नुसते कागद बघणाऱ्याला त्या दोन बायका वाटणार. मेमरीतल्या एकाच जागेला दोन पॉइंटर (जागेचा पत्ता ठेवणारी नावं) असले की तेच होतं, आणि कंपायलर कागदच बघतो. दर दोन पॉइंटरमागे तो ठरवतो की हे एकाच जागी जातात का. एलएलव्हीएममध्ये (कंपायलर बांधायची एक चौकट) याची उत्तरं चारच, नो एलियास (नाहीत), मे एलियास (असू शकतील), पार्शल एलियास (अर्धवट), मस्ट एलियास (नक्की). 'मे' आलं तर त्याला जपून राहावं लागतं, प्रत्येक लिहिण्यानंतर परत मेमरीतून वाचावं लागतं, लूप मंद होतो. 'नो' आलं की तो मोकळा, वाचणं आधी, लिहिणं नंतर, कसंही फिरवतो.

आणि सी भाषेचा नियम, पार १९८९ च्या स्टँडर्डपासूनचा, सांगतो की फ्लोटची जागा इंटच्या (पूर्णांकाच्या) पॉइंटरने हाताळायची नाही आणि उलटंही नाही (कॅरेक्टर पॉइंटरला तेवढी मुभा आहे). माझं बाइट उलटवणारं फंक्शन एक पॉइंटर बिनचिन्हाच्या इंटचा घ्यायचं आणि दुसरा फ्लोटचा, दोन्ही त्याच बफरचे. जीसीसी हा कंपायलर ओ-टू या ऑप्टिमायझेशनच्या पातळीपासून हा नियम धरून चालतो, त्याने म्हटलं प्रकार वेगळे म्हणजे जागा वेगळ्या, आणि फ्लोट आधीच वाचून घेतला. ओ-झिरोला, म्हणजे ऑप्टिमायझेशन बंद असताना, तो असली फिरवाफिरवी करत नाही म्हणून डीबगमध्ये सगळं छान. प्रिंटएफने बरं का झालं? बाहेरच्या फंक्शनच्या पोटात काय चालतं ते त्याला दिसत नाही, म्हणून त्या कॉलच्या आधी तो लिहिणं पुरं करून टाकतो. प्रिंटएफ टाकल्यावर बग पळाला तर तो गेला असं समजू नका, तिथेच हा संशय घ्या.

संशय तपासायला एफ-नो-स्ट्रिक्ट-एलियासिंग हा, म्हणजे 'हा नियम धरू नकोस' असं कंपायलरला सांगणारा, स्विच लावून बिल्ड करा. ग्राफ सुधारला तर चोर बहुतेक सापडला. लिनक्स कर्नल कायमच हा स्विच लावून बिल्ड होतं, त्यामुळे यात कमीपणा काही नाही, पण आपल्या कोडात मी दुरुस्तीच करते, चार बाइट मेमकॉपीने फ्लोटमध्ये घ्यायचे. मेमकॉपी मंद असेल ही भीती सोडा, एवढ्या छोट्या कॉपीचा ऑप्टिमायझर कॉल ठेवतच नाही, एखाद्या इन्स्ट्रक्शनमध्ये उरकतो.

पायथनवाल्यांनो, तुम्हीही यातून सुटलेले नाही. नमपायमध्ये (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) ॲरेचा स्लाइस, म्हणजे तुकडा, घेतला की ती कॉपी नसते, तीच जागा असते. स्लाइसमधून सरासरी जागच्या जागी वजा केली की मूळ ॲरेही बदलतो, आणि मग 'आधी' आणि 'नंतर' च्या दोन रेघा ग्राफवर एकमेकींवर बसतात, तुम्ही म्हणता फिल्टर चालतच नाही. तसंच एकच बफर पुन्हा पुन्हा भरून लिस्टमध्ये टाकलात तर सगळ्या रेघा शेवटच्या मोजणीच्या. दोन ॲरे एकच जागा वापरतात का हे नमपायला विचारायची सोय आहे, मे-शेअर-मेमरी फक्त हद्दी बघून पटकन 'असू शकेल' सांगतं, शेअर्स-मेमरी नक्की सांगतं पण कधीकधी फार वेळ घेतं. कंपायलरचीही हीच पंचाईत आहे, त्याला नक्की उत्तर शोधत बसायला वेळ नसतो.

माझा ग्राफ शेवटी २४.९ ते २५.४ मध्ये हलणारी रेघ निघाला, एसी चालू-बंद होतो ते चढउतारात स्वच्छ दिसत होतं. तर आता विचारायला याल तेव्हा ग्राफचा स्क्रीनशॉट आणाच, पण सोबत आलेल्या डेटाचे पहिले आठ बाइट हेक्समध्ये आणि बिल्डची पूर्ण कमांड आणा, म्हणजे आपण थेट तिथूनच सुरू करू.