मागच्या दाराचं कुलूप

मी टॉवेल कारखान्यांचं सोशल ऑडिट करते. परदेशी खरेदीदाराचा माल जिथे विणला जातो तिथली हजेरी, पगारपत्रकं, संडास, सुटकेची वाट तपासायची आणि अहवाल द्यायचा. मे 2025 मध्ये सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागून आठ माणसं गेली, त्यात खुद्द मालक आणि त्यांच्या घरचेही होते. तेव्हापासून कुठल्याही शेडमध्ये शिरले की आधी मागचं दार बघते.

त्या दिवशी ते कुलूपबंद होतं. कडीवर रुईचा थर, पुढ्यात सुताच्या गोण्या रचलेल्या. किल्ली वॉचमनकडे, आणि वॉचमन जेवायला गेलेला.

"मालक, हे आधी उघडा."

"मॅडम, सूत चोरीला जातं," ते म्हणाले, आणि मग मनातलं बाहेर आलं. "दार करतो, वायरिंग करतो. पण ह्याच गिऱ्हाइकाचा माणूस मागच्या आठवड्यात दर पाडायला बसला होता. नाही म्हटलं तर ऑर्डर पानिपतच्या कारखान्यांना. सरकारनं नियम करायचे, त्यांनी भाव पाडायचा, मधे मरायचं आम्ही."

टॉवेलच्या कडा शिवायच्या मशीनवरच्या अक्का ऐकत होत्या. "दर पडला की मजुरी आमचीच कापता की," त्या म्हणाल्या. "कारखाना चालायला पाहिजे, खरंय. पण आम्ही आत असताना कुलूप नको."

बाजारावर सोडा, सगळं आपोआप सुधारेल, असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. 2013 मध्ये बांगलादेशात ढाक्याजवळ कपड्यांचे कारखाने असलेली राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून जास्त माणसं मेली. आदल्याच दिवशी भिंतींना भेगा दिसल्या होत्या, तरी कामगारांना आत धाडलं. तिथल्या काही कारखान्यांची ऑडिटही झालेली होती! फरक पडला तो नंतर ब्रँड आणि कामगार संघटनांमध्ये झालेल्या सुरक्षा करारानं. ब्रँडांनी कायदेशीर बंधन मान्य केलं, आणि दुरुस्ती परवडेल असा व्यवहार ठेवणं त्यांच्यावर आलं. एकट्यानं खर्च केला तर ऑर्डर शेजाऱ्याकडे जाते. सक्ती सगळ्यांना असेल तरच चांगला मालक टिकतो. म्हणून कामगार सुरक्षेच्या नव्या संहितेनं, विजेवर चालणारी जागा कायद्यानं 'कारखाना' धरायची किमान मर्यादा 10 वरून 20 कामगारांवर नेली, हे मला डाचतं. आपल्याकडे कितीतरी माग लहान शेडमध्येच चालतात.

वॉचमन आला, गोण्या हलल्या, कुलूप निघालं. अहवालात मी दाराबरोबर खरेदीदाराच्या दराचाही मुद्दा लिहिला. दर हा ऑडिटचा विषय नाही, ते वाक्य काढा, असा वरून फोन आला. मी काढलेलं नाही.