कच्चा आवाज म्हणजे खराब आवाज नव्हे

'पहिला अल्बम रांगडा वाटला पाहिजे, पण घाण नको. कसा रेकॉर्ड करायचा?' कोल्हापुरात मेटल, म्हणजे जड गिटारांचं रॉक संगीत, वाजवणारी पोरं हे हमखास विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

आधी एकत्र वाजवा. ब्लॅक सॅबथ या इंग्लिश मेटल बँडनं १९६९च्या ऑक्टोबरमध्ये पहिल्या अल्बमचं वाजवणं लंडनमध्ये एका दिवसात उरकलं. सुरुवातीचा पाऊस आणि घंटा मागाहून जोडली. त्यांचा गिटारवाला टोनी आयोमी याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं पत्र्याच्या कारखान्यात गेली होती. प्लास्टिक वितळवून त्यानं बोटांना टोप्या केल्या, हलक्या तारा लावल्या आणि वाजवत राहिला. उद्यमनगरच्या, म्हणजे आपल्या कारखान्यांच्या भागातल्या, माणसाला हे जास्त फोड करून सांगायला नको.

शेडमध्ये रेकॉर्ड करणार असाल तर पत्रा घुमतो. घोंगड्या टांगा, पण भिंतीला चिकटवून नको, चार बोटं जागा सोडून. त्यानं झांजांचा कर्कशपणा मरतो. किकचा (पायानं वाजणाऱ्या मोठ्या ड्रमचा) घुमारा मात्र घोंगडीला ऐकत नाही, म्हणून ड्रम कोपऱ्यात मांडू नका.

ड्रमला चार माईक पुरतात: किक, स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) आणि वर दोन. सगळ्यात जास्त चूक या वरच्या दोघांत होते. सुतळीचं एक टोक स्नेअरच्या मधोमध धरा आणि दोन्ही माईकचं अंतर अगदी सारखं करा. ३४ सेंटीमीटर फरक पडला तर आवाज एक मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि दोन्ही ट्रॅक एकत्र वाजले की स्नेअर पोकळ लागते. मग लोक प्लगइन (आवाज सुधारायची सॉफ्टवेअरं) शोधत बसतात. दुखणं सुतळीत असतं!

गिटारचा गेन (अ‍ॅम्पचं डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजाची फाट, वाढवणारं बटण) प्रॅक्टिसला ठेवता त्यापेक्षा बराच खाली आणा. तोच रिफ (गिटारचा परत परत येणारा तुकडा) दोनदा वाजवून एक डावीकडे, एक उजवीकडे टाकायचा असतो. गेन जास्त असेल तर दोन्हींचं डिस्टॉर्शन साचतं आणि पिकचा फटका बुडतो. एकच टेक (एका दमात केलेलं रेकॉर्डिंग) कॉपी करून दोन्हीकडे टाकलात तर तो मधूनच ऐकू येतो, रुंदी मिळत नाही. माईक अ‍ॅम्पच्या जाळीपासून इंचभर, कोनच्या (आतल्या स्पीकरच्या पडद्याच्या) मध्यापासून जरा बाजूला. आणि कृपा करून अ‍ॅम्पचं मिड (मधल्या सुरांचं बटण) शून्यावर नेऊ नका. खोलीत भारी वाटतं, पण बेस आणि झांजा आल्या की गिटार गायब.

अ‍ॅम्पमधून गुणगुण येत असेल तर शेजारची वेल्डिंग मशीन बंद असतील तेव्हा बसा, म्हणजे रात्री किंवा कारखान्यांच्या सुट्टीला. सगळे अ‍ॅम्प एकाच बोर्डावर घ्या. गुणगुण जावी म्हणून अर्थची पिन कधीच तोडू नका, जीव जाऊ शकतो.

रेकॉर्डिंगची लेव्हल २४ बिटमध्ये (ही रेकॉर्डिंगची सेटिंग) उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. प्रत्येक गाण्याचे तीन टेक घ्या, दरवेळी ट्यून करून, आणि त्यातला एक अख्खा निवडा. कोरसला टेम्पो थोडा पळाला तर पळू द्या.