काकू जमिनीवर, मुलगा दारात

पडल्यावर उठायचं कसं, हे शिकवायला मी ७६ वर्षांच्या एका काकूंना माजघरात सतरंजीवर उताणं झोपवलं होतं, आणि नेमका त्याच वेळी रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये अवघडून पुण्याहून आलेला त्यांचा मुलगा दारात येऊन उभा राहिला. त्याने काय पाहिलं? आई जमिनीवर पडलेली, एक अनोळखी बाई शेजारी गुडघे टेकून बसलेली, धुणंभांड्याची ताई हातात केरसुणी धरून तोंडाकडे बघतेय. त्याची बॅग तिथल्या तिथे खाली पडली.

पण आधी थोडं मागचं सांगते.

मी फिजिओथेरपिस्ट. दिवसभर क्लिनिक, आणि सकाळच्या वेळात घरी जाऊन पेशंट बघते. नागपूरच्या उन्हाळ्यात तर हे घरचे पेशंट नवाच्या आत उरकावेच लागतात, नंतर दुपट्टा-गॉगल कितीही गुंडाळला तरी गाडीचं हँडल हातात धरवत नाही. काकूंचं घर नागपूरच्या महाल भागात, बडकस चौकातून आत गेल्यावर लागणाऱ्या एका गल्लीत. जुनं घर, उंच उंबरठे, माजघरातून वर जाणारा लाकडी जिना. काकू निवृत्त प्राथमिक शिक्षिका. अर्धी गल्ली त्यांच्या हाताखालून गेलेली, म्हणून सगळे त्यांना ‘बाई’च म्हणतात.

एप्रिलच्या शेवटी एका रात्री तीनच्या सुमारास त्या बाथरूमला जायला उठल्या. खोलीत कूलर घरघरत होता. त्याची टाकी झिरपते म्हणून खाली गोणपाट टाकलेलं. काकू झटक्यात उठल्या, दोन पावलं टाकली, डोळ्यांपुढे अंधारी आली, हात भिंत शोधायला गेला आणि पाय ओल्या गोणपाटावर. हाड मोडलं नाही. डोक्यालाही लागलं नाही. पण उठता येईना. मोबाइल शोकेसवर चार्जिंगला. कूलरच्या आवाजात हाक कोणाला जाणार? सकाळी सातला ताई कामाला आली, मागच्या दाराची किल्ली तिच्याकडे होती म्हणून बरं. तोवर चार तास काकू ओल्या फरशीवर, कूलरच्या गार झोतात पडून होत्या.

एक्स-रे साफ निघाला, सगळ्यांनी देवाला हात जोडले. आणि मग घरच्यांच्या काळजीचा वरवंटा फिरला. मुलाने पुण्याहून फोनवर एकेक हुकूम सोडला. गच्ची बंद. अंगण बंद. देवपूजा खाली बसून नाही, खुर्चीवर. पलंगाशेजारी कमोडची खुर्ची आली. चालायचं असेल तर ताई असताना. पोरगा वाईट नव्हता, घाबरला होता. पण तीन-चार आठवड्यांत काकूंच्या मांड्यांचं मांस इतकं उतरलं की पलंगाच्या कडेवर बसल्यावर साडीतूनही कळत होतं. पडल्याने झालं नव्हतं तेवढं नुकसान न पडण्याच्या बंदोबस्ताने केलं होतं. मला बोलावलं ते ‘गुडघे दुखतात, जरा मशीन लावून द्या’ म्हणून. आमच्या धंद्यात हे नेहमीचंच, लोकांना मशीन हवं असतं. मशीन लावलं की उपचार झाल्यासारखं वाटतं.

मी मशीन काढलं नाही, टेप काढली. खुर्चीपासून ३ मीटरवर खडूने रेघ मारली. खुर्चीतून उठायचं, रेघेपर्यंत चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं, नेहमीच्या चालीने. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं आम्ही धरतो. काकूंना १९ लागले, आणि त्यातले बरेचसे वळण्यात गेले. मग हात छातीवर बांधून खुर्चीतून ३० सेकंदांत किती वेळा उठता येतं ते पाहिलं. त्यांच्या वयाच्या बाईला निदान १० वेळा यायला हवं. काकू पाचव्याला थांबल्या. चालताना मी सहज विचारलं, “कोणत्या शाळेत होत्या हो?” तर त्या आधी थांबल्या, मग उत्तर दिलं, मग पुन्हा चालल्या. बोलायचं तर पाय थांबवावे लागतात, हीही एक खूण आहे. स्वीडनमधल्या संशोधकांनी १९९७ मध्ये ती नोंदवली, आणि तिला कुठलंच यंत्र लागत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं निघालं बीपीच्या यंत्रातून. पाच मिनिटं झोपवून घेतलं तेव्हा वरचा आकडा १४८. उभं केल्यावर मिनिटाभरात १२२, आणि काकू म्हणाल्या, “जरा गरगरून राहिलं ग.” उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर ते साधं ‘वयामुळे’ म्हणून सोडायचं नसतं. विचारता विचारता समजलं की रात्री उठावं लागू नये म्हणून त्या दुपारनंतर पाणीच पीत नव्हत्या. मे महिन्यात, नागपुरात! त्यात बीपीच्या दोन गोळ्या, आणि झोपेसाठी कोणीतरी कधीकाळी लिहून दिलेली एक. गोळ्या बदलणं माझं काम नाही. आकडे कागदावर लिहून त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवले. त्यांनी डोस आणि वेळा बदलल्या आणि झोपेची गोळी हळूहळू कमी करत बंद केली.

व्यायाम सुरू झाले. न्यूझीलंडमध्ये ओटॅगो विद्यापीठात १९९० च्या दशकात तयार झालेला कार्यक्रम मी वापरते. घोट्याला वजन बांधून पायांची ताकद, मग टाचांवर, चवड्यांवर, एका रेषेत पाऊल टाकत तोल. त्याने पडणं साधारण ३५ टक्क्यांनी घटल्याचं तिकडच्या चाचण्यांत दिसलं. बोलत चालण्यासाठी मात्र तिकडची पद्धत घेतली नाही. शंभरातून तीन-तीन वजा करत चालायला लावतात, ते काकूंना कंटाळवाणं वाटलं. त्यांनी दीडकी काढली. “सात दीड साडेदहा, आठ दीड बारा,” म्हणत त्या माजघराच्या फेऱ्या मारायच्या आणि मधेच मला विचारायच्या, “तेरा दीड?” मी अडखळले की खूश.

पण त्यांना एक प्रश्न आतून खात होता. एकदा पायाला वजन बांधताना म्हणाल्या, “पडण्याचं नाही ग भ्याव. पडून राहण्याचं आहे.”

हे ऐकल्यावर उठण्याचा सराव मी पुढे ढकलला नाही. अमेरिकेत मेरी टिनेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये छापलेल्या अभ्यासात, पडून इजा न झालेल्या म्हाताऱ्या माणसांपैकी ४७ टक्क्यांना निदान एकदा तरी आपलं आपण उठता आलं नव्हतं. हाडं शाबूत, आणि तरी जमिनीवर अडकलेले. तासन्‌तास पडून राहिल्याने शरीरातलं पाणी कमी होतं, दबलेली कातडी फुटते, स्नायू खराब होऊन किडनीवर ताण येतो. आपल्याकडे ‘सांभाळून चाला’ म्हणायला अख्खं गाव असतं. उठायला कोणी शिकवत नाही.

तर त्या सकाळी सतरंजी घातली. काकूंच्या कमरेला पट्टा, त्याचं टोक माझ्या मुठीत. ताई म्हणाली, “ताई, बाईले कायले खाली झोपवून राहिल्या जी? एकदा पडल्या ते कमी हाय काय?” मी म्हटलं, बघत राहा, तुलाही कामी येईल.

पहिला धडा उठण्याचा नाहीच, पडून राहण्याचा. पडलं की धडपडायचं नाही. श्वास घ्यायचा, बोटं हलवायची, पाय हलवून बघायचे. जांघेत कळ येत असेल, एक पाय आखूड झाल्यासारखा किंवा बाहेर वळलेला दिसला, डोकं आपटलं असेल, तर उठायचा प्रयत्न करायचाच नाही. हाक मारायची, हाताशी येईल ते पांघरायचं, फोन हाती असेल तर १०८. म्हणून फोन आता शोकेसवर नाही, गळ्यातल्या पिशवीत. काही मोडलेलं नाही असं वाटलं तरच पुढचं.

पुढचं पुस्तकात सोपं असतं: कुशीवर वळा, कोपरावर या, रांगत खुर्चीपर्यंत जा, एक पाऊल पुढे रोवा, उठा. काकूंच्या गुडघ्यांना रांगणं झेपेना. घडी घातलेली चादर खाली दिली तरी दुखलं. मग म्हटलं बसून सरकत जाऊ आणि उंची टप्प्याटप्प्याने चढू, आधी चौरंग, मग दिवाण. कोपऱ्यातला चौरंग मी ओढला तशा काकू जमिनीवरूनच कडाडल्या, “सत्यनारायणाचा चौरंग आहे तो! त्याच्यावर बूड टेकवू मी?” मी चौरंग जागेवर ठेवला. क्षणभर छताकडे बघून त्याच म्हणाल्या, “जिन्याला काय झालं?”

खरंच की. जिना म्हणजे आयत्याच तयार असलेल्या उंच्या, वर धरायला कठडा. मला सुचलं नव्हतं ते त्यांना आडव्या पडल्या पडल्या सुचलं. पुन्हा पहिल्यापासून करू म्हणून त्या उताण्या झाल्या, आणि इथे दारात चिरंजीव.

“अहो मॅडम, हे काय करून राहिल्या तुम्ही? आई पडली अन् तुम्ही बघत काय बसल्या?” वीस वर्षं पुण्यात काढून रागावल्यावर बोली मात्र महालातलीच. तो धावत आला, वाकला आणि आईच्या दोन्ही काखांत हात घालायला निघाला. घरोघरी असंच उचलतात. त्यात म्हाताऱ्या माणसाचा खांदा निखळू शकतो, उचलणाऱ्याची कंबर जाते, आणि बरेचदा दोघंही पडतात. मी त्याला थांबवणार इतक्यात खालून वर्गातला आवाज आला, “हात लावू नको. तिथंच उभा राहा.”

पन्नाशीचा माणूस, तिथंच उभा राहिला.

काकूंनी गुडघे वाकवले, एका हाताने सतरंजी पकडून कुशीवर वळल्या. कोपर. मग तळहात. उठून बसल्या, दम घेतला. मग पाय पुढे, बूड मागे, फरशीवरून सरकत जिन्याकडे निघाल्या. साडी पायात येत होती, ती त्यांनी नऊवारी नेसल्यासारखी खोचून टाकली. जिना पाठीमागे लागल्यावर दोन्ही तळहात पहिल्या पायरीवर, पावलं रोवलेली, आणि एक-दोन-तीन म्हणून वर. दुसरी पायरीही जमली. तिसरीला अडल्या. हात थरथरायला लागले, कपाळावरून घाम. मुलगा माझ्याकडे बघत होता, मी पट्टा धरून काकूंच्या पायांकडे. “पावलं गुडघ्यांच्या मागे घ्या काकू, नाक पुढे,” एवढंच म्हटलं. त्या दोन मिनिटं तशाच बसून राहिल्या. घाई करायची नसते, पडलेल्या माणसाला गाडी पकडायची नसते. मग तिसरी पायरी. कठडा धरून उभ्या राहिल्या, मी लगेच चालू दिलं नाही, चक्कर येते का बघितलं. ताईकडे वळून म्हणाल्या, “चहा ठेव तिघांचा. याच्यात साखर कमी.”

मुलाचा राग ओसरला नव्हता. “उठायला शिकवण्यापेक्षा पडणारच नाही असं काही करा ना.” प्रश्न चुकीचा नव्हता. बीपीचे आकडे, बदललेल्या गोळ्या, व्यायामाची वही सगळं दाखवलं. ती आधी त्याला आईने दाखवली नव्हती, कारण फोनवर तो विचारायचा फक्त ‘जेवलीस का’ आणि ‘कुठे गेली तर नाहीस ना’. पण पडणं शून्यावर कोणालाच आणता येत नाही हेही सांगितलं. मग म्हटलं, तुम्ही जरा खाली झोपून हात न टेकता उठून दाखवा. त्याला वाटलं मी थट्टा करतेय. झोपला. एका कुशीवर झाला, दुसऱ्या झाला, शेवटी दिवाणाची कड धरली. काकू चहाचा कप हातात घेऊन सूचना देत होत्या, “अरे पाय मागे घे. नाक पुढे, नाक!” ताई पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात पळाली.

त्यानंतर पोराने दोन दिवसांत जी कामं केली ती मी महिनाभर सांगून झाली नसती. कूलर खिडकीबाहेर स्टँडवर गेला, गोणपाट फेकलं, बाथरूममध्ये भिंतीत ड्रिल मारून दांडी बसली. प्लास्टिकची चिकटवायची दांडी त्याने आणली होती, ती मी परत करायला लावली, वजन पडलं की ती हातात येते. पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रीचे दिवे. कमोडची खुर्ची माळ्यावर गेली. रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेवर बसून पावलं वर-खाली करायची, मगच उभं राहायचं, हे पाटीवर खडूने लिहून काकूंनी स्वतःच समोर टांगलं. पाणी आता दिवसभर पितात, संध्याकाळनंतर तेवढं कमी.

परवा पुन्हा रेघ मारली. १३ सेकंद. म्हणजे अजून १२ च्या आत नाही, म्हणून बाहेर जाताना काठी हवी. काठीची उंची मी त्यांच्या मनगटाच्या रेषेला लावून कापून घेतली, खाली रबराचं बूच बसवलं, दुखऱ्या उजव्या गुडघ्याच्या उलट्या हातात, म्हणजे डाव्या हातात धरायची हे घोटून घेतलं. काकू काठी दाराशी ठेवतात आणि छत्री घेऊन निघतात. उन्हाचीही होते, टेकायलाही होते, असं त्यांचं म्हणणं. छत्रीचं टोक लोखंडी, फरशीवर सरकतं, उंची त्यांच्यासाठी जास्त, आणि भार पडला की दांडी वाकते, हे माझं म्हणणं. गुरुवारी बडकस चौकापर्यंत एकत्र चालायचं ठरलंय. मी सांगितलंय, डाव्या हातात काठी, छत्री मी धरीन. त्या म्हणाल्या, बघू.