गळ्यातलं केंटे

आज जेवणाच्या सुट्टीत तो जुना फोटो पुन्हा निघाला. जून 2020, पोलिसाच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या हत्येनंतरचा. अमेरिकी संसदेत गुडघा टेकलेले डेमोक्रॅट नेते नॅन्सी पेलोसी, चक शूमर, गळ्यात केंटे या घानाच्या कापडाचे पट्टे. सगळे ‘संस्कृतीची चोरी’ म्हणत तुटून पडले. अरे, पट्टे ब्लॅक कॉकसनेच, म्हणजे कृष्णवर्णीय खासदारांच्या गटानेच दिले होते, चोरी कसली?

घानाची सहकारी मात्र वेगळंच बोलली. केंटे हे घानातल्या असांते लोकांच्या राजदरबाराचं कापड. अरुंद पट्ट्या मागावर विणून जोडायच्या, नक्षीनक्षीला नाव. "आणि असांतेंनी गुलामही विकले होते, ते कुणी काढत नाही," म्हणाली. टेबल गप्प!

मला राग वेगळाच. त्याच वेळी या नेत्यांनी मांडलेलं पोलीस सुधारणेचं विधेयक हाऊसमध्ये, म्हणजे कनिष्ठ सभागृहात मंजूर झालं, वरिष्ठ सभागृहात, सिनेटमध्ये अडकलं. पट्ट्यांवर मात्र अजून भांडण चालूच.