मंगळावरचे माझे सहा कालवे

1976 साली मी आठवीत होतो. ग्रंथालयाच्या तासाला वरच्या फळीवरची पुस्तकं चपळ पोरं पळवायची आणि आमच्या वाट्याला खालची यायची. तसंच एक पुठ्ठा सुटलेलं विज्ञानाचं पुस्तक हाती लागलं. त्यात मंगळाचं चित्र, त्यावर आडव्यातिडव्या रेघा आणि खाली बिनदिक्कत छापलेलं: ध्रुवावरचं वितळलेलं पाणी कोरड्या भागात नेण्यासाठी मंगळवासीयांनी खणलेले कालवे! पुस्तक घेऊन मी तडक विज्ञानाच्या सरांकडे.

सर हसले नाहीत. म्हणाले, शियापारेल्ली या खगोलशास्त्रज्ञानं 1877 मध्ये या रेघांना इटालियन भाषेत ‘कानाली’ म्हटलं. म्हणजे पाण्याची वाट, मग ती निसर्गानं का केलेली असेना. इंग्रजीत जाताना तिचा खोदलेला कालवा झाला. सुएझ 1869 साली सुरू झालेला. कालवा खणणं हाच त्या काळातला मोठा पराक्रम. मग मंगळावरच्या हुशार मंडळींनी तरी दुसरं काय करावं? (आपण परग्रहावरून रेडिओ संदेश येईल म्हणून कान लावून बसतो, तेही त्यातलंच, असं मला आता वाटतं.) पर्सिव्हल लॉवेल या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञानं तर 1894 मध्ये मंगळ बघायला वेधशाळाच उभारली. 1965 मध्ये मरिनर-4 या यानानं जवळून फोटो पाठवले, त्यात निघाली विवरं. आणि व्हायकिंग-1 तर आमच्या त्या जुलैतच मंगळावर उतरलेलं.

“मग सर, इतक्या जणांना दिसलं तरी काय?”

“उद्या वर्गात बघू.”

दुसऱ्या दिवशी फळ्यावर एक कागदी गोल टांगलेला. दिसेल तसा काढा, एवढंच सांगितलं. पुढच्या बाकांवरच्यांनी ठिपके आणि डाग काढले, आम्ही मागच्यांनी रेघा. गोलावर रेघ एकही नव्हती. लांबून बघताना तुटक ठिपके डोळाच जोडून टाकतो. 1903 मध्ये खगोलशास्त्रज्ञ माँडर आणि त्यांचे सहकारी इव्हान्स यांनी ग्रिनिचच्या शाळकरी मुलांकडून अशीच चित्रं काढून घेतली होती, आणि त्या पोरांनीही नसलेले कालवे काढले होते, हे सरांनी नंतर सांगितलं.

माझ्या कागदावर सहा रेघा होत्या. शेजारच्याला आधी दोनच दिसल्या होत्या. मी त्याला कोपर मारून “अरे, नीट बघ की” म्हणालो, तर त्यानं आणखी चार ओढल्या. सरांनी कागद गोळा केले तेव्हा त्याच्या रेघा माझ्यापेक्षा ठळक होत्या.