क्रुसेडर किंग्ज ३ : राजा मेला, वाटणी झाली

पॅराडॉक्स कंपनीचा २०२० सालचा हा मध्ययुगीन राजकारणाचा कॉम्प्युटर गेम सुरुवातीला नकाशा रंगवण्याचा, म्हणजे मुलूख जिंकत जाण्याचा वाटतो. पहिला राजा मरेपर्यंतच. इथे आपण देश नाही, घराणं चालवतो. राजा गेला की वारस आपल्या हातात येतो; घराण्यातला वारसच उरला नाही तर गेम खलास.

शिकायला १०६६ चं आयर्लंड बरं, ट्युटोरियलही तिथलंच आहे. मन्स्टरचा राजा घ्या आणि कोर्ट चॅप्लेनला (दरबारी धर्मगुरूला) शेजारच्या काउंटीवर, म्हणजे परगण्यावर, दावा तयार करायला बसवा; दावा म्हणजे युद्धाचं निमित्त. त्याचं लर्निंग (विद्वत्तेचा गुण) जितकं जास्त, तितकं काम लवकर. दावा हाती येताना सोनं मोजावं लागतं, तोवर तिजोरी भरा. युद्धात लेव्हींच्या (गोळा केलेल्या साध्या शिपायांच्या) आकड्यावर भुलू नका, ती नुसती गर्दी. खरी मदार मेन-ॲट-आर्म्स (कसलेल्या पलटणी) आणि नाइट्सवर (निवडक योद्ध्यांवर). समोर घोडदळ असेल तर भालाईत हवेत. जिंकलात की फौज लगेच मोडा. उभी फौज तिजोरी खाते.

आता खरी डोकेदुखी. सुरुवातीचा वारसाकायदा म्हणजे कॉन्फेडरेट पार्टिशन, एक प्रकारची वाटणी. थोरल्याला मुख्य टायटल (राजपद किंवा सरदारकी) आणि राजधानीची काउंटी मिळते, बाकी भावांत वाटलं जातं. वर आणखी एक मेख: तुमच्या टायटलच्या तोडीचं दुसरं टायटल बनेल एवढी जमीन तुमच्याकडे असेल, तर राजा मरताच ते आपोआप तयार होऊन धाकट्याकडे जातं आणि तो स्वतंत्र होतो. मग भाऊबंदकी ठरलेलीच. म्हणून दर मुलाच्या जन्मानंतर वारसाहक्काची खिडकी उघडून कुणाला काय जातंय ते पाहा. तोडगे मोजके आहेत. कॅथलिक असाल तर धाकट्याला मठात पाठवा, पायटी (धर्मनिष्ठेचे गुण) खर्च होते. घराण्याचे प्रमुख असाल तर त्याचा वारसाहक्क काढून घ्या; रिनाउन (घराण्याच्या नावलौकिकाचे गुण) जातं, आणि ते फार हळू साठतं, त्यामुळे हा शेवटचा उपाय. सगळं एकाच वारसाला देणारा कायदा उत्तर मध्ययुगातल्या शोधांनंतरच मिळतो.

ताणही सांभाळा. कनवाळू राजाने कैदी मारला की स्ट्रेस चढतो. स्ट्रेसने शंभरी गाठली की राजा दारू तरी धरतो, नाहीतर स्वतःला फटके मारून घेतो. (गेमची सगळ्यात मजेदार बाजू हीच.)

म्हातारा राजा आजारी पडला की नवीन युद्ध काढू नका. नव्या राजाला सरदार सुरुवातीला मोजत नाहीत, लगेच फॅक्शन्स (त्याच्याविरुद्धचे गट) उभ्या राहतात. बलाढ्य सरदारांना भेटी देण्याइतकं सोनं बाजूला ठेवा, आणि त्यांना कौन्सिलात (राजाच्या सल्लागार मंडळात) जागा द्या.