सतराचा आकडा

मंगळवार, रात्री

मँचेस्टरच्या शाळेत इतिहास शिकवताना एकोणिसाव्या शतकात शहरांच्या स्वच्छतेसाठी झटलेला एडविन चॅडविक आला की मला वेगळाच हुरूप येतो. माणूस इथलाच. 1800 साली लाँगसाइटला जन्मला, आणि माझ्या वर्गातली बरीच पोरं आज त्याच भागात राहतात.

आज फळ्यावर मजुरांच्या आरोग्यावरच्या त्याच्या 1842 च्या अहवालातले आकडे लिहिले. मृत्यूचं सरासरी वय. मँचेस्टरमध्ये सुखवस्तू घरांत 38, व्यापारी-दुकानदारांत 20, मजुरांच्या घरांत 17. शेतीवाडीच्या रटलँड परगण्यात हेच आकडे 52, 41 आणि 38. मागच्या बाकावरच्या मुलाच्या लगेच लक्षात आलं, की रटलँडचा शेतमजूर आणि मँचेस्टरचा श्रीमंत सारखंच जगत होते. एवढं त्यांना स्वतःहून दिसलं की माझं अर्धं काम झालं.

पण 17 वर गाडी अडलीच. "मिस, म्हणजे आम्ही अजून दोनच वर्षं जगलो असतो?" मग पाच मृत्यू मांडले, माझ्या मनाचे: 0, 1, 2, 30 आणि 52. बेरीज 85, भागिले पाच, उत्तर 17. सतराव्या वर्षी यातलं कुणीच गेलेलं नाही. तान्ही बाळं गेली की सरासरी अशी कोसळते. चॅडविकच्या या पद्धतीवर त्याच्या काळातही आक्षेप घेतले गेले होते, तेही सांगितलं.

एकीने विचारलं, "तो तिशीतला कोण?" शेजारची म्हणाली, "बाळांचा बाबा असेल." मला चॅडविककडे न्यायला याहून चांगली वाट मिळाली नसती. त्याचा हिशोब नेमका तिथूनच सुरू होतो. घाणीत राहून कमावता माणूस तापाने गेला, की त्याची विधवा आणि पोरं गावाच्या करावर पोसावी लागतात. त्यापेक्षा गटारं बांधा, नळाचं पाणी द्या, कचरा उचला, स्वस्त पडेल. गरिबी आळसातूनच येते असं मानणाऱ्या काळात आजारपणातूनही गरिबी येते हे त्याने आकड्यांनी दाखवलं. गरिबांच्या मदतीचा कारभार पाहणाऱ्या गरीब कायदा आयोगाचा तो सचिव, पण आयुक्त या अहवालावर स्वतःची नावं घालायला तयार होईनात. शेवटी तो एकट्या चॅडविकच्या नावाने निघाला.

इथवर पोरांना तो आवडायला लागला होता. मग मी 1834 कडे वळले. गरिबांना वर्कहाउसमध्ये, म्हणजे राबवून घेऊन पोटाला देणाऱ्या आश्रमात, घालणारा, नवरा-बायको-मुलांना वेगवेगळं ठेवणारा कायदा ज्या अहवालावरून झाला, तोही लिहिण्यात याचा मोठा हात. 1845 साली अँडोव्हरच्या वर्कहाउसमध्ये खतासाठी हाडं कुटायला बसवलेली माणसं भुकेपोटी त्याच हाडांना चिकटलेलं कुजकं मांस खात होती, हे उघडकीला आलं. वर्ग संतापला. संतापायलाच हवं.

आणि कॉलरा? रोग दुर्गंधीतून पसरतो यावर त्याची ठाम श्रद्धा. म्हणून लंडनची तुंबलेली गटारं धुऊन घाण थेट टेम्समध्ये सोडली गेली, आणि त्याच टेम्सचं पाणी लोक पीत होते. 1848-49 च्या साथीत एकट्या लंडनमध्ये 14,000 हून जास्त माणसं गेली.

"मग तो चांगला की वाईट?" हा प्रश्न येणारच होता. मी उत्तर दिलं नाही. परीक्षेच्या उत्तरात पोरं त्याला एका ओळीत 'थोर सुधारक' करून मोकळी होतात, ते मला मनापासून खटकतं. माझ्यापुरतं म्हणायचं तर मी त्याचं मोठेपण मानते, आणि वर्कहाउससाठी त्याला माफ करत नाही. रोगाचं कारण चुकलेलं असूनही घाण घरांपासून दूर न्यायची त्याची धडपड बरोबर ठरली, हे पंधराव्या वर्षी पचवणं कठीण आहे. पण इतिहास शिकायचा तो यासाठीच ना!

गुरुवारी 1848 चा सार्वजनिक आरोग्य कायदा घेणार आहे. हजारी मृत्यू 23 च्या वर असतील तिथेच स्थानिक आरोग्य मंडळ नेमण्याची सक्ती करता यायची. एरवी दहा टक्के करदात्यांनी अर्ज केला तरच. चोवीस म्हणजे सक्ती आणि तेवीस म्हणजे मर्जी, यावर दोन गट पाडून वाद घालायला लावणार आहे. कर भरणाऱ्यांची बाजू जरा बोलक्या पोरांकडे द्यायला हवी, नाहीतर ती पाच मिनिटांत हरेल.